ईमेलच्या फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन यादी : यादी जोडणे सोपे, निवड पोहोचवणे अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे : कार्यालयातील अंतर्गत तक्रारींसाठी तुम्ही आउटलुकमध्ये संदेशाचा स्वतंत्र फॉर्म तयार केला आहे. त्यावर कॉम्बो बॉक्स (उघडणाऱ्या यादीची चौकट) ठेवला आहे, पण त्यात पर्याय कसे भरायचे हे नीट कळलेले नाही. कुठेतरी वाचून पर्याय भरले, यादी उघडूही लागली, परंतु संदेश पाठवल्यावर समोरच्याला निवडलेला पर्याय दिसत नाही. शिवाय पहिल्या यादीत ‘संगणक’ निवडले तर दुसऱ्या यादीत फक्त संगणकाशी संबंधित तक्रारी याव्यात, अशी तुमची इच्छा आहे.

मी अनेक वर्षे अशा फॉर्मची कामे करतो आणि या स्वरूपाचा प्रश्न वारंवार ऐकतो. बहुतेक वेळा विचारणारा ‘यादी कशी जोडू’ असे विचारतो, आणि खरी अडचण मात्र निवडलेले मूल्य कुठे साठवले जाते व ते कोणाला दिसते या ठिकाणी असते. यादी जोडण्याचे काम दोन-चार मिनिटांचे आहे. मूल्याचा प्रवास नीट आखला नाही, तर दोन-चार दिवस सहज खर्ची पडतात. म्हणून मी उत्तराचा क्रम थोडा बदलतो.

सर्वांत आधी एक गोष्ट निश्चित करावी लागेल : पर्याय निवडणार कोण? संदेश लिहिणारा निवडणार, की संदेश मिळालेला मनुष्य उत्तर देताना निवडणार? तुमच्या वर्णनावरून लिहिणारा निवडणार आहे असे दिसते, आणि तसे असेल तर आउटलुकचा फॉर्म हा योग्य मार्ग ठरू शकतो. पण अनेकांना प्रत्यक्षात दुसरी गोष्ट हवी असते. पन्नास जणांना संदेश पाठवायचा आणि प्रत्येकाने यादीतून एक पर्याय निवडून परत कळवायचे. त्यासाठी हा फॉर्म हे चुकीचे साधन आहे. तेथे निवड एकच असेल तर आउटलुकमधील मतदानाची बटणे पुरतात. संदेश लिहिताना ‘ऑप्शन्स’ टॅबवर ‘यूज व्होटिंग बटन्स’ मध्ये ‘कस्टम’ निवडून अर्धविरामाने वेगळे केलेले पर्याय लिहिले, की मिळणाऱ्याला बटणे दिसतात आणि उत्तरांची मोजणी पाठवणाऱ्याच्या संदेशातच होते. प्रश्न एकाहून अधिक असतील, तर मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स किंवा गूगल फॉर्म्समध्ये प्रश्नावली करून तिचा दुवा संदेशात देणे अधिक सरळ आहे.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करतो. वेबपानावर जशी एचटीएमएलची निवडयादी चालते, तशीच ती संदेशाच्या मजकुरात चिकटवली की चालेल, असे बऱ्याच जणांना वाटते. विंडोजवरील पारंपरिक आउटलुक 2007 च्या आवृत्तीपासून संदेश दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरते आणि त्यात फॉर्मचे घटक काम करत नाहीत. जीमेलने 2019 मध्ये ‘एएमपी फॉर ईमेल’ (संदेशातच फॉर्म भरता येण्याचे तंत्र) आणले, त्यात निवडयादी चालते, परंतु पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागते आणि मिळणाऱ्याचे ईमेल साधनही ते ओळखणारे असावे लागते. कार्यालयातील तक्रारीसाठी एवढा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरी अट, आणि ही तुमच्या परिस्थितीवर पूर्णपणे अवलंबून आहे : कार्यालयातील सर्व जण विंडोजवरील पारंपरिक आउटलुक वापरतात का? तुम्ही बनवत आहात तसे स्वतंत्र फॉर्म फक्त तेथेच चालतात. ब्राउझरमधील आउटलुक, मोबाइलवरील आउटलुक, मॅकवरील आउटलुक आणि विंडोजसाठीचे ‘नवे आउटलुक’ यांपैकी कोणीही हा फॉर्म दाखवत नाही. तेथे साधा संदेश उघडतो आणि तुमच्या याद्यांचा मागमूसही राहत नाही. पारंपरिक आउटलुकला किमान 2029 पर्यंत आधार मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, त्यामुळे आज काम सुरू करण्यात अर्थ आहे. तरीही निम्मे सहकारी तक्रार मोबाइलवरूनच वाचत असतील, तर पुढचे सर्व वाचण्याआधी प्रश्नावलीच्या दुव्याचा विचार करा. मी स्वतः असा एक फॉर्म आठवडाभर खपून तयार केला होता आणि तो चालू झाल्यावर पहिल्याच दिवशी कळले, की तो ज्यांच्यासाठी होता ते अधिकारी दिवसभर फिरतीवर असतात आणि संगणक क्वचितच उघडतात. तेव्हापासून हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

या दोन्ही अटी तुमच्या बाजूने आहेत असे धरून पुढे जातो.

‘डेव्हलपर’ टॅबवरील ‘डिझाइन अ फॉर्म’ मधून ‘मेसेज’ हा मूळ फॉर्म उघडल्यावर तुमच्यासमोर रचनेचे पान येते. (हा टॅब दिसत नसेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ या मार्गाने तो चालू करावा लागतो.) येथे ‘कंट्रोल टूलबॉक्स’ मधून कॉम्बो बॉक्स ओढून पानावर ठेवला, की बहुतेक जण लगेच पर्याय कुठे भरायचे ते शोधू लागतात. मी तसे करत नाही. मी आधी त्या बॉक्सवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडतो, ‘व्हॅल्यू’ या टॅबवर जातो आणि ‘न्यू’ दाबून एक नवे फील्ड, म्हणजे मूल्य साठवण्याचा नाव दिलेला कप्पा, तयार करतो. नाव ‘तक्रारविभाग’ यासारखे अर्थपूर्ण देतो आणि प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवतो. आउटलुकमध्ये आधीच असलेले एखादे फील्ड चालणार असेल, तर ‘चूज फील्ड’ मधून तेही निवडता येते.

ही पायरी वगळली की नेमका तुम्हाला आलेला अनुभव येतो. फील्डशी न जोडलेला कॉम्बो बॉक्स हा पडद्यावरचा नुसता देखावा असतो. त्यात यादी उघडते, पर्याय निवडता येतो, निवडलेला पर्याय दिसतोही. पण संदेश जतन करताना किंवा पाठवताना आउटलुक फक्त फील्डमधील मूल्ये बरोबर घेते. बॉक्स कोणत्याही फील्डला जोडलेला नसेल, तर खिडकी बंद होताच निवड नाहीशी होते. याची चाचणी सोपी आहे : पर्याय निवडा, संदेश मसुदा म्हणून जतन करा, खिडकी बंद करा आणि मसुदा पुन्हा उघडा. निवड रिकामी दिसली, तर दोष जोडणीत आहे आणि पाठवण्याच्या टप्प्यावर डोके लावण्यात काही हशील नाही.

फील्ड जोडल्यानंतर त्याच ‘व्हॅल्यू’ टॅबवर ‘पॉसिबल व्हॅल्यूज’ नावाचा रकाना वापरता येतो. पर्याय तेथेच लिहायचे असतात, आणि ते अर्धविरामाने वेगळे करायचे असतात : ‘संगणक;नेटवर्क;प्रिंटर;इतर’ असे. यासाठी कोणतीही स्क्रिप्ट (फॉर्ममागे लिहिलेला छोटा प्रोग्रॅम) लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शोध घेतल्यावर मिळणारी बरीच उत्तरे थेट स्क्रिप्टकडे नेतात आणि साध्या, न बदलणाऱ्या यादीसाठी ते ओझे विनाकारण आहे. स्क्रिप्टचे स्वतःचे त्रास आहेत, त्यांकडे पुढे येतोच.

त्याच ठिकाणी ‘लिस्ट टाइप’ हा पर्याय दिसेल. त्यात ‘ड्रॉपडाउन’ आणि ‘ड्रॉपलिस्ट’ अशी दोन नावे आहेत आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी असल्याने गोंधळ होतो. ‘ड्रॉपडाउन’ निवडल्यास वापरणारा यादीतून निवडू शकतो किंवा स्वतःच्या मनाने काहीही टंकलिखित करू शकतो. ‘ड्रॉपलिस्ट’ निवडल्यास यादीबाहेरचे काहीच लिहिता येत नाही. तक्रारींचे वर्गीकरण करून नंतर त्या मोजायच्या असतील, तर ‘ड्रॉपलिस्ट’ घ्या. एका ठिकाणी ‘ड्रॉपडाउन’ राहून गेले होते, आणि महिन्याभराने तक्रारींची गटवारी लावताना ‘प्रिंटर’, ‘प्रींटर’, ‘छपाई यंत्र’ आणि शेवटी ठिपका दिलेला ‘प्रिंटर.’ असे चार वेगळे गट झाले होते. यादी ठेवण्याचा मूळ हेतूच तेथे संपला.

सुरुवातीच्या मूल्याविषयी एक सावधगिरी सांगतो. ‘व्हॅल्यू’ टॅबवर सुरुवातीचे मूल्य ठरवता येते, आणि अनेक जण तेथे ‘निवडा’ असा शब्द लिहितात. दिसायला ते सौजन्याचे वाटते. पण ‘व्हॅलिडेशन’ टॅबवर तुम्ही हे फील्ड भरणे सक्तीचे केले असेल, तर ‘निवडा’ हाही एक भरलेला मजकूरच असल्यामुळे आउटलुकचे समाधान होते, आणि काहीही न निवडता संदेश खुशाल पुढे जातो. मी सुरुवातीचे मूल्य रिकामे ठेवतो आणि ‘निवडा’ हा शब्द बॉक्सच्या डावीकडील नामफलकात लिहितो : ‘विभाग (एक निवडा)’. सक्ती करायचीच असेल, तर ती रिकाम्या जागेवर चालते.

आता तुमच्या मुख्य तक्रारीचा दुसरा अर्धा भाग. समजा, फील्ड जोडले आहे, मसुदा पुन्हा उघडल्यावर निवड टिकते, आणि तरीही मिळणाऱ्याला काहीच दिसत नाही. आउटलुकच्या संदेश-फॉर्मला दोन रूपे असतात : लिहितानाचे पान आणि वाचतानाचे पान. रचनेच्या टप्प्यात वरच्या पट्टीवर ‘एडिट कंपोझ पेज’ आणि ‘एडिट रीड पेज’ अशी बटणे दिसतात. तुम्ही जे काही पानावर ठेवता ते ज्या पानावर असता त्याच पानावर जाते. फॉर्म उघडतो तेव्हा लिहितानाचे पान समोर असते, म्हणून साहजिकच सगळी सजावट त्याच पानावर होते आणि वाचतानाचे पान मूळ अवस्थेत, म्हणजे याद्यांशिवाय, राहते. मूल्य संदेशाबरोबर गेलेले असते, फक्त ते दाखवायला तेथे कोणी नसते.

यावर सरळ उपाय म्हणून लोक कॉम्बो बॉक्सची प्रत वाचतानाच्या पानावर चिकटवतात. मी मात्र तेथे यादी ठेवत नाही. मी साधा मजकूर-बॉक्स ठेवतो, तो त्याच फील्डशी जोडतो आणि फक्त वाचण्यापुरता करतो. याचे कारण अनुभवाचे आहे. वाचणाऱ्याने निवड बदलायची नसते, त्यामुळे त्याच्यासमोर उघडणारी यादी ठेवण्याचे प्रयोजन नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. याद्या काळानुसार बदलतात. आज ‘प्रिंटर’ हा पर्याय आहे. सहा महिन्यांनी तुम्ही तो काढून ‘छपाई व स्कॅनिंग’ असा नवा पर्याय घालाल. जुन्या संदेशांत मात्र ‘प्रिंटर’ हाच शब्द साठवलेला असेल, आणि नव्या यादीत तो नसल्याने ‘ड्रॉपलिस्ट’ स्वरूपाच्या बॉक्सला तो दाखवताना अडचण येऊ शकते. मजकूर-बॉक्सला यादीशी काही देणेघेणे नसते. फील्डमध्ये जे आहे ते तो दाखवतो.

याच कारणाने पर्यायांचे शब्द ठरवताना थोडा वेळ घालवावा, असे मी सुचवेन. साठवला जातो तो शब्दच. त्यामागे कोणताही क्रमांक नसतो. शब्द बदलला की जुना गट वेगळा आणि नवा गट वेगळा होतो. ‘इतर’ हा पर्याय यादीच्या शेवटी अवश्य ठेवा, आणि त्याच्याजवळ एक छोटा मोकळा रकाना द्या. काही महिने त्या रकान्यात लोक काय लिहितात ते पाहिले, की यादीत कोणता पर्याय राहून गेला आहे ते आपोआप समजते. पर्याय बारा-पंधराच्या पुढे जाऊ लागले, तर यादी एक ठेवण्याऐवजी दोन स्तरांत विभागावी. लांब यादी खाली सरकवत बसण्यापेक्षा लोक ‘इतर’ निवडून मोकळे होतात.

आता फॉर्म कुठे ठेवायचा, ते पाहू. तो नुसता ओएफटी फाइल (आउटलुकची नमुना-फाइल) म्हणून जतन करून सर्वांना वाटता येतो, पण मी ते शक्यतो टाळतो. ‘डेव्हलपर’ टॅबवरील ‘पब्लिश’ वापरून फॉर्म प्रकाशित केला, की त्याला स्वतःचा मेसेज क्लास, म्हणजे फॉर्मची ओळख सांगणारे नाव, मिळतो. मूळ संदेशाच्या क्लासच्या नावापुढे तुम्ही दिलेले नाव जोडले जाते. संदेश मिळाल्यावर आउटलुक त्या क्लासचे नाव पाहते आणि त्या नावाचा फॉर्म शोधते. तुम्ही तो फक्त स्वतःच्या ‘पर्सनल फॉर्म्स लायब्ररी’त प्रकाशित केला असेल, तर तो तुम्हालाच सापडेल आणि समोरच्याला साधा संदेश दिसेल. सर्वांसाठी हवा असेल, तर ‘ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररी’ लागते आणि ती एक्स्चेंज (कार्यालयाचा ईमेल सर्व्हर) सांभाळणाऱ्या प्रशासकाने आधी उपलब्ध करून द्यावी लागते. मोठ्या कार्यालयात या एका मंजुरीलाच सर्वांत जास्त दिवस लागतात, त्यामुळे विनंती आजच पाठवून ठेवा.

या अडचणीतून सुटका म्हणून ‘प्रॉपर्टीज’ पानावरील ‘सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम’ या खुणेचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. तिच्यामुळे फॉर्मची रचना प्रत्येक संदेशाबरोबर प्रवास करते हे खरे आहे. पण संदेशाचा आकार वाढतो, असा संदेश प्रकाशित फॉर्मपासून तुटून स्वतंत्र होतो, पुढे फॉर्म सुधारला तरी जुन्या संदेशांना सुधारणा मिळत नाही, आणि त्यातील स्क्रिप्ट चालत नाही. तुम्हाला एकमेकांवर अवलंबून याद्या हव्या आहेत, म्हणजे स्क्रिप्ट लागणारच. तेव्हा ही खूण तुमच्या उपयोगाची नाही.

एक छोटी पण डोकेदुखीची बाब : फॉर्म सुधारून पुन्हा प्रकाशित केला आणि तरीही कोणाकडे जुनीच यादी दिसत असेल, तर रचनेत चूक शोधत बसू नका. आउटलुक फॉर्मची प्रत स्वतःजवळ साठवून ठेवते आणि कधीकधी ती साठवण बिघडते. ‘ऑप्शन्स’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात ‘कस्टम फॉर्म्स’, तेथून ‘मॅनेज फॉर्म्स’ आणि त्यातील ‘क्लिअर कॅशे’ हे बटण दाबून आउटलुक पुन्हा सुरू केले, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. प्रत्येक वेळी प्रकाशित करण्याआधी ‘प्रॉपर्टीज’ पानावर आवृत्तीचा क्रमांक वाढवण्याची सवयही लावून घ्यावी. मग दूरध्वनीवर ‘तुमच्याकडे कोणता क्रमांक दिसतो’ एवढे विचारून निम्मा तपास पूर्ण होतो.

आता दुसऱ्या यादीकडे वळतो. पहिल्या यादीवर अवलंबून असणारी यादी ‘पॉसिबल व्हॅल्यूज’ मध्ये लिहून जमत नाही, कारण ते पर्याय स्थिर असतात. येथे फॉर्ममागे व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि ती लिहिण्याआधी दोन वास्तवे मान्य करावी लागतात. पहिले असे, की 2017 मधील सुरक्षा-सुधारणांनंतर आउटलुक फॉर्ममधील स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवते. ती चालू करण्यासाठी प्रत्येक वापरणाऱ्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक सर्वसाधारण नोंद आणि शिवाय तुमच्या फॉर्मच्या मेसेज क्लासच्या नावाने विश्वासाची दुसरी नोंद लागते. हे काम प्रशासकाने धोरण म्हणून सर्व संगणकांवर एकदम करावे. प्रत्येकाला ते हाताने करायला सांगणे मला योग्य वाटत नाही. दुसरे असे, की ऑक्टोबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट ही भाषा विंडोजमधून टप्प्याटप्प्याने मागे घेत असल्याचे जाहीर केले. म्हणून मी आज नव्या फॉर्ममध्ये स्क्रिप्टवर मोठा डोलारा उभा करत नाही. जितकी अगदी आवश्यक तितकीच लिहितो.

तुमच्या गरजेपुरती रचना अशी होईल. दुसरा कॉम्बो बॉक्स ठेवा, त्यालाही ‘तक्रारप्रकार’ असे स्वतंत्र फील्ड जोडा आणि त्याचे ‘पॉसिबल व्हॅल्यूज’ रिकामे ठेवा. पहिल्या यादीतील निवड बदलली हे स्क्रिप्टला कळण्यासाठी बहुतेक जण कॉम्बो बॉक्सच्या ‘क्लिक’ या घटनेवर (काही घडल्यावर आउटलुक स्क्रिप्टला देते त्या सूचनेवर) अवलंबून राहतात आणि ‘माझी स्क्रिप्ट चालतच नाही’ असे लिहितात. फील्डशी जोडलेल्या बॉक्ससाठी आउटलुकमध्ये ती घटना घडत नाही. तेथे ‘कस्टम प्रॉपर्टी चेंज’ ही संदेशाची घटना वापरावी लागते. कोणत्या फील्डचे मूल्य बदलले त्याचे नाव ती घटना स्क्रिप्टला देते. नाव ‘तक्रारविभाग’ असेल, तरच पुढचे काम करायचे आणि अन्यथा काहीच करायचे नाही.

ते पुढचे काम तीन पावलांचे आहे आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसऱ्या फील्डचे मूल्य रिकामे करायचे, मग दुसऱ्या बॉक्समधील जुने पर्याय पुसायचे, आणि नंतर निवडलेल्या विभागानुसार नवे पर्याय भरायचे : संगणकासाठी ‘सुरू होत नाही’, ‘मंद चालतो’, ‘बदलून हवा’, प्रिंटरसाठी ‘कागद अडकतो’, ‘छपाई पुसट येते’, नेटवर्कसाठी आणखी काही. पहिले पाऊल विसरले, तर काय होते ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एकाने आधी ‘प्रिंटर’ व ‘कागद अडकतो’ असे निवडले, मग विचार बदलून विभाग ‘नेटवर्क’ केला आणि संदेश पाठवला. नेटवर्क सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे ‘नेटवर्क : कागद अडकतो’ अशी तक्रार पोहोचली. तंत्रज्ञाला वाटले कोणी थट्टा करत आहे, आणि त्या फॉर्मची प्रतिष्ठा सावरायला आम्हाला बराच काळ लागला.

पर्याय भरण्यासाठी स्क्रिप्टला बॉक्सपर्यंत पोहोचावे लागते. मार्ग असा आहे : संदेशाची खिडकी दर्शवणारा ‘इन्स्पेक्टर’, त्यातील ‘मॉडिफाइड फॉर्म पेजेस’ हा संग्रह, त्यातील तुमचे पान, आणि त्या पानावरील नियंत्रणांच्या संग्रहातून बॉक्सचे नाव. येथे पानाचे नाव टॅबवर जसे दिसते तसेच तंतोतंत लिहावे लागते. बॉक्सला ‘कॉम्बोबॉक्स 1’ हे आपोआप मिळालेले नाव तसेच ठेवू नका; तीन महिन्यांनी ‘कॉम्बोबॉक्स 3’ म्हणजे कोणता, हे तुम्हालाही आठवणार नाही.

हीच भरणी संदेश उघडण्याच्या घटनेतही करावी लागते, कारण मसुदा जतन करून पुन्हा उघडला की दुसऱ्या यादीतील पर्याय नाहीसे झालेले असतात. फील्डमधील मूल्य टिकते, यादी टिकत नाही. मात्र येथे एक फरक लक्षात ठेवा. उघडताना पर्याय भरायचे, पण फील्डचे मूल्य रिकामे करायचे नाही, नाहीतर प्रत्येक वेळी मसुदा उघडताच वापरणाऱ्याची निवड पुसली जाईल. म्हणून मी पर्याय भरण्याचे काम एका वेगळ्या उपक्रियेत लिहितो आणि मूल्य पुसण्याचे काम फक्त बदलाच्या घटनेत ठेवतो. शिवाय उघडलेला संदेश पाठवून झालेला आहे का, हे ‘सेंट’ या गुणधर्मावरून आधी तपासतो. पाठवलेल्या संदेशाचे वाचनाचे पान उघडते, आणि माझ्या पद्धतीने तेथे कॉम्बो बॉक्सच नसतो. नसलेल्या बॉक्सला पर्याय भरायला सांगितले, की वाचणाऱ्याच्या तोंडावर त्रुटीची चौकट येते.

स्क्रिप्टची परवानगी मिळालीच नाही, तर काय करायचे? मग दोन स्तरांचा हट्ट सोडून एकाच यादीत ‘संगणक – मंद चालतो’, ‘प्रिंटर – कागद अडकतो’ अशी जोडनावे लिहावीत. पर्याय वीसपर्यंत असतील, तोवर हे चालून जाते. सर्व पर्याय विभागाच्या नावाने सुरू होत असल्यामुळे एकाच विभागाचे पर्याय एकाखाली एक दिसतात, आणि चुकीची जोडी पाठवली जाण्याची शक्यताच उरत नाही. दिसायला हे साधे आहे, पण देखभालीच्या दृष्टीने मला ते स्क्रिप्टपेक्षा अनेकदा बरे वाटते. पर्याय वीसच्या बरेच पुढे जात असतील, तर प्रश्नावलीतील उत्तरानुसार पुढचा विभाग उघडण्याची सोय वापरावी. ती मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स आणि गूगल फॉर्म्स या दोन्हींमध्ये आहे.

फॉर्म नसलेल्या किंवा मोबाइलवर वाचणाऱ्या माणसाला निवड दिसावी असे वाटत असेल, तर ती मजकुरात किंवा विषयात उतरवावी लागते. पाठवण्याच्या घटनेत स्क्रिप्टने दोन्ही फील्डची मूल्ये घेऊन विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात लिहिली, की कोणत्याही साधनावर ती वाचता येतात, आणि विषयावर नियम लावून तक्रारी आपोआप योग्य फोल्डरमध्ये टाकताही येतात. विषय आधीच कंसाने सुरू होतो का, हे तपासायला विसरू नका. मसुदा दोनदा पाठवण्याचा प्रयत्न झाला तर कंस दोनदा लागतात. मजकुराच्या सुरुवातीला लिहायचे असेल, तर साध्या मजकुराचा गुणधर्म वापरू नका, कारण त्याने संदेशातील सर्व मांडणी, तक्ते आणि दुवे नाहीसे होतात. याच घटनेत आवश्यक फील्ड रिकामे आढळल्यास पाठवणे थांबवताही येते.

तक्रारी एकाच फोल्डरमध्ये जमा होत असतील, तर ‘तक्रारविभाग’ हा स्तंभ फोल्डरच्या दृश्यात आणता येतो, परंतु त्यासाठी ते फील्ड त्या फोल्डरमध्येही त्याच नावाने आणि त्याच प्रकाराने तयार केलेले असावे लागते. नाव एका अक्षराने चुकले तरी स्तंभ रिकामा दिसतो आणि माणूस पुन्हा फॉर्ममध्ये दोष शोधू लागतो.

सर्व झाल्यावर चाचणीचे तीन संदेश पाठवा : एक स्वतःला, एक फॉर्म प्रकाशित झालेल्या सहकाऱ्याला, आणि एक कार्यालयाबाहेरच्या पत्त्यावर. स्वतःला पाठवलेल्या संदेशावर एकट्यावर विसंबू नका, कारण तुमच्या संगणकावर फॉर्म असल्यामुळे तो नेहमीच नीट दिसतो. बाहेरच्या पत्त्यावर विनमेल डॉट डॅट नावाची फाइल जोडलेली आढळली, तर संदेश रिच टेक्स्ट या आउटलुकच्या स्वतःच्या स्वरूपात बाहेर गेला असा त्याचा अर्थ आहे. बाहेरच्यांसाठी एचटीएमएल स्वरूप ठेवा आणि त्यांना याद्यांची मूल्ये फक्त विषयातून मिळतील हे गृहीत धरा. मसुदा पुन्हा उघडून निवड टिकते का, हे पाहून मला कळवा, आणि सोबत आउटलुकची आवृत्ती व फॉर्म कोणत्या लायब्ररीत प्रकाशित केला तेही लिहा. त्यावरून दोष जोडणीचा आहे, वाचनाच्या पानाचा आहे की प्रकाशनाचा, हे सांगता येईल.